भोकरवाडी फाट्यावरची दोण

यवतहून भीमेकडं जाणाऱ्या रस्त्याला भोकरवाडीचा फाटा लागतो, आणि फाट्यालाच एक दगडी दोण आहे. अखंड काळ्या दगडात खोदलेली, चांगली गाडीभर लांब, येणाऱ्या-जाणाऱ्या जनावरांनी पाणी प्यावं म्हणून कोणी तरी कधी तरी केलेली. एसटीचा कंडक्टर "दोण, दोण, चला दोणवाले" असं ओरडतो आणि भोकरवाडीची माणसं उतरतात. म्हणजे गावाचा पत्ताच तो. पण पत्त्याला कोणी पाणी घालतं का? गेल्या कित्येक वर्षांत त्या दोणीत गुटख्याच्या पुड्या, चहाचे कप, वाढदिवसाच्या फ्लेक्सचे मोडके बांबू आणि एकदा एक व्यालेली कुत्री, एवढा ऐवज जमा झाला. दोणीच्या अंगावर एक जनावर कोरलेलं आहे. ऊन खाऊन खाऊन ते इतकं गुळगुळीत झालंय की ज्याला जे हवं ते त्यात दिसावं.

हे असंच चाललं असतं. पण माघात पुण्याचं एक इतिहास मंडळ गाडी करून आलं. रस्त्याकडेला जुनं काही दिसलं, बारव म्हणा, वीरगळ म्हणा, की त्याच्याशेजारी घडीव दगड उभा करायचा आणि त्यावर चार ओळी कोरायच्या, हे त्या मंडळाचं काम. मंडळाचे प्रमुख रिटायर प्राध्यापक होते, गाव त्यांना नुसतं 'सर' म्हणू लागलं. सरांनी दोणीवरून हात फिरवला, गुडघे टेकून फोटो काढले आणि सहज विचारलं, "ही कोणी बांधली?"

त्या संध्याकाळी भोकरवाडीत ज्याच्या पूर्वजानं छिन्नी हातात धरली नव्हती असा माणूस उरला नाही. परवापर्यंत ज्या दोणीत लोक पिंका टाकत होते तिच्यात आता सगळ्यांना आपापले खापरपणजे दिसायला लागले.

आठ दिवसांत चाळणी लागून दोन दावेदार उरले. एक बबनराव, गावातले बागाईतदार. गुलछडीची फुलं रोज पहाटेच्या टेंपोनं पुण्याच्या बाजारात पाठवणारे, विहीर आणि शेततळं दोन्ही बाळगून असलेले, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडं बघणारे. दुसरा हरिबा, धनगरवस्तीवरचा. याच्या बापानं मेंढरं विकून तीन एकर रान घेतलं तेव्हापासून हे घर एका जागी बसलं. पण हरिबाचा आवाज अजून माळावरचाच होता. शेजारच्या खोलीतल्या माणसालाही तो टेकडीपलीकडं असल्यासारखा हाक मारायचा.

हरिबाची बायको अनसाबाई. तिला अक्षरओळख जेमतेम, पण माणसांचा जमाखर्च तोंडपाठ. मयताला कोण आलं आणि कोणी नुसता फोन केला, वाटीभर साखर नेली ती कोणी शिगोशीग परत केली आणि कोणी काठाखाली, हे सगळं तिच्याकडं नोंदलेलं असायचं. बोलून दाखवायची मात्र नाही. जमा धरून ठेवलेली बरी, असं तिचं मत होतं.

मारुतीच्या देवळात बैठक बसली. सरपंच शितल. वय तिशीच्या आत, बी.कॉम. झालेली सून. खुर्ची तिची आणि बोलणं पुरुषांचं अशी सुरुवात झाली होती, पण हल्ली हल्ली ती मधूनच एखादं वाक्य बोलायची आणि ते नेमकं शेवटचं ठरायचं. सर पुण्याहून आले होते.

"घोडं हाय ते," बबनराव म्हणाले. "आमच्या पणजोबाच्या दारात घोडी होती. त्या घोड्यांसाठी दोण केली त्यांनी."

"मेंढी हाय!" हरिबा गरजला. देवळातली चिमणी उडाली. "आमच्या वाडवडलांनी वाटंवरच्या मेंढरांसाठी केली. त्याबिगर मेंढी कोरतंय कोण?"

"मेंढी? मग शिंगं कुठं गेली?"

"मादीला कशाला शिंगं? तुमच्या घरात असत्यात का?"

बायका पदराआड हसल्या. बबनरावांच्या मंडळी तिथंच होत्या, त्याही हसल्या, हे अनसाबाईनं टिपून ठेवलं.

"आन् घोड्याची आयाळ कुठाय म्हंतो मी?" हरिबानं पुढं रेटलं.

"झिजली."

"मग शिंगंबी झिजली आसं तरी म्हना!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि सभा पार हातची गेली.

सरांनी शांतपणे चष्मा पुसला. "हे बघा, पुरावा तुमच्यापैकी कोणाकडंच नाही. माझ्याकडंही नाही. पण जिथं वाद असतो तिथं आमचं मंडळ दगड लावत नाही. एका गावात लावला होता, दुसऱ्या दिवशी नावाला डांबर फासलेलं. तेव्हा एकमत करा. मी अक्षय तृतीयेला परत येतो. तोवर ठरलं नाही तर तुमचा दगड पुढच्या गावाला."

"पुढच्या गावाला?" बबनराव आणि हरिबा एकदमच म्हणाले. पुढच्या गावाच्या बाबतीत दोघांचं पूर्वीपासून एकमत होतं.

अनसाबाईला दोण कोणाची याचं काडीचं सोयरसुतक नव्हतं. तिला दोणीत पाणी हवं होतं. त्याचं कारण धनश्री.

धनश्री तिची धाकटी लेक. वस्तीवरच्या बाकी पोरी बसत्या घरांत दिल्या, कोणी सणसवाडीच्या कंपनीत नोकरीला असलेल्याला, कोणी उसाच्या मळ्यात. धनश्रीचं मात्र केंदूरकडच्या हनुमंताशी जमलं, आणि हनुमंताच्या घरची मेंढरं अजून चालती होती. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोडीवर लादून कोकणात उतरायचं आणि वैशाखात घाट चढून परत यायचं. भोर, सासवड, मग भुलेश्वरचा डोंगर उतरून यवत, हायवे ओलांडून भोकरवाडी, पुढं भीमा आणि पलीकडं घर. म्हणजे वर्षातून एकदा लेक आईच्या दारावरून चालत जायची. सण नाही, मुराळी नाही. मेंढरांच्या वाटेवर माहेर लागतं म्हणून एक रात्र राहायची. तेवढंच अनसाबाईच्या वाट्याचं.

मागच्या साली ती रात्रही गेली. कालव्याचं आवर्तन लांबलेलं, ओढा कोरडा, जिथं पाणी होतं तिथं तारेचं कुंपण. दीडशे मेंढरं भर दुपारी फाट्यावर जीभ काढून उभी. हरिबा तरातरा बबनरावांच्या बांधावर गेला, तिथं काय बोलाचाली झाली कोणास ठाऊक, पण लाल होऊन परत आला आणि म्हणाला, "त्याच्या तळ्यात आंथरलेला प्लास्टिकचा कागद फाटतो म्हनं मेंढरांच्या खुरांनी." हनुमंतानं कळप तसाच नदीकडं हाकला. धनश्री उभ्यानंच चहा प्याली. नदी यायच्या आत दोन कोकरं गेली.

आणि यंदा चैत्रात तिचा फोन आला. भोरच्या पलीकडं, घाटाखाली कुठंतरी रेंज मिळाली होती.

"आये, ह्यांनी इचारलंय, तिकडं दोणीत पानी हाय का? न्हाईतर सासवडातनं शिंदवण्याच्या घाटानं उरुळीला उतरायचं म्हंत्यात. लांब पडतंय, पर पानी तरी हाय तिकडं."

"हाय," अनसाबाई म्हणाली.

"दोणीत?"

"काठोकाठ. या तुम्ही."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या थापा मोजल्या, आणि स्वतःची पहिली मोठी थाप मारली ती गाडीभर लांबीची.

आता ती खरी करायची कशी? वस्तीच्या बोअरला अंगठ्याएवढी धार. त्यानं दोण एकदा भरली असती; कळप एवढं पाणी बसल्या बैठकीला संपवतो आणि पुन्हा तोंड वर करून बघतो. पाणी होतं बबनरावांकडं, आणि ट्रॅक्टरमागं लावायची टाकीही त्यांच्याकडंच. हरिबाला सांगावं, तर तो पुन्हा बांधावर जाऊन आवाज लावणार. अनसाबाईनं एक दिवस विचार केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एकटीच बबनरावांच्या मळ्यात गेली. ते शेडमध्ये बसून गुलछडीच्या काड्यांच्या जुड्या बांधत होते.

"भावजी, मला पटलं बरं का. दोण तुमचीच."

बबनरावांनी पहिल्यांदाच समोरच्याच्या डोक्यावरून न बघता तोंडाकडं बघितलं. "हरिबानं पाठीवलं का?"

"त्यांना कळलं तर घरात घेनार न्हाईत. पर खरं ते खरं. घोडंच हाय ते. ऐट बघा की त्याची."

"तेच तर म्हंतोय मी!"

"फकस्त एक वाटतं." अनसाबाईनं एक काडी उचलून नीट जुडीत ठेवली. "सर येनार आखितीला. आखितीला आपुन पितरांना पानी देतो, करा-केळीची मडकी भरतो. आन् तुमच्या पणजोबाची दोण कोरडी ठाक, आत कुत्रीची पिल्लं. सर मनात म्हनतील, ह्यास्नी पणजोबा दगडावर पायजेल, पन घोटभर पानी द्यायला नको."

 बबनरावांनी जुडीला दोरा जरा जास्तच आवळला.

घरी येऊन तिनं हरिबाला सांगितलं, "बबनराव दोण भरनार हायेत म्हनं आखितीपतुर."

"भरू दे. मला काय त्याचं?"

"तुमाला काय न्हाई. लोक म्हनतील, जो भरतो त्याची."

हरिबा खाटेवरून उठला आणि टोपी शोधायला लागला.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना हरिबा आणि वस्तीवरचे चार भावकीतले गडी दोणीवर होते. त्यांनी सगळा कचरा उपसला, कुत्रीला पिल्लांसकट सन्मानानं वडाखाली हलवलं, आणि डोक्यावरून हंडे वाहून पाणी ओतलं. सकाळी बबनराव आपल्या मुलाला, दत्ताला, ट्रॅक्टरसकट घेऊन आले तर दोण लखलखीत घासलेली. हा त्यांना अपमान वाटला. त्यांनी दत्ताला टाकीचा कॉक उघडायला लावला. पाणी धो धो पडलं, दोणीत घुसळलं आणि खालून रस्त्यावर वाहू लागलं. पाहता पाहता फाट्यावर चिखल झाला, दुधाच्या किटल्या घेऊन जाणारा एकजण मोटरसायकलसकट आडवा झाला आणि त्यानं उठून दोन्ही घराण्यांच्या पूर्वजांना एकाच वाक्यात घेतलं.

"पणजोबांनी बुडाला भोक ठेवलंय की!" हरिबा मांडीवर थाप मारून हसला. "दोण तुमची आन् भोक म्हाईत न्हाई व्हय?"

पहाटेचे त्याचे हंडेही त्याच भोकातून गेले होते. ते मात्र तो बोलला नाही. दोण धुऊन काढायची तर घाण बाहेर जायला केलेलं ते भोक होतं. बाभळीची खुंटी आणि चिंधी याशिवाय ते बंद होत नाही, हे विसरायला गावाला दोन पिढ्या पुरल्या होत्या. दुपारी ऊन कलल्यावर अनसाबाई बाभळीची खुंटी आणि जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन गेली आणि बोळा ठोकून आली. कोणाच्या बाजूनं ठोकला, हे तिला कोणी विचारलं नाही.

त्यानंतर जी चढाओढ लागली तिला तोड नव्हती. बबनरावांनी सकाळी भरायचं, तर हरिबानं त्याआधी. मग बबनरावांनी आदल्या संध्याकाळीच. दोण भरलेली असली की दुसरा येऊन वरून थोडं तरी ओतायचाच, आपलं पाणी वरती राहावं म्हणून. दोण ओसंडायला लागली. वाटेवरचे बैल थांबू लागले, शेळ्या आल्या, साळुंख्या काठावर आंघोळी करू लागल्या, एसटीच्या ड्रायव्हरनं एकदा रेडिएटर भरून घेतला. शितल ग्रामपंचायतीत येता-जाता बघायची. एकदा तिनं अनसाबाईला गाठलं.

"आत्या, हे पेटवलं कुणी?"

"काय की बाई. पितरांनीच बुद्धी दिली म्हनायची."

"पितरांनी लुगड्याचा बोळा पण दिला का?" शितल म्हणाली आणि हसत निघून गेली. अनसाबाईनं तिच्या नावावर चांगली मोठी रक्कम जमा धरली.

आखितीला सर आले तेव्हा दोणीच्या एका काठावर बबनरावांच्या घरची करा-केळी आणि दुसऱ्या काठावर हरिबाच्या घरची, दोन्हीवर आंब्याची डहाळी, मध्ये काठोकाठ पाणी. दोन्हीकडची माणसं आपापल्या काठाला उभी, जणू दोणीचे दोन सातबारे निघाले होते. सरांनी वाकून पाण्यात बोटं बुडवली.

"मग? एकमत झालं?"

दोन्ही काठ एकदम बोलायला लागले. शितलनं हात वर केला.

"सर, मी सांगते तसं लिहाल? 'ही दोण कोणी केली ते आज कोणाला ठाऊक नाही. भोकरवाडी ती भरते.' बास, एवढंच."

बबनरावांनी हरिबाकडं बघितलं. हरिबानं बबनरावांकडं. आपलं नाव नाही याचं वाईट वाटायच्या आधी दुसऱ्याचं नाव नाही हा आनंद दोघांच्या तोंडावर उमटला.

"माझी हरकत न्हाई," बबनराव म्हणाले.

"माझीबी न्हाई, ह्यांची नसली तर," हरिबा म्हणाला.

सर खूश झाले. म्हणाले, एवढे दगड लावले, पण 'ठाऊक नाही' असं लिहून द्यायला तयार झालेलं हे पहिलंच गाव. ज्येष्ठात दगड घेऊन येतो. सगळ्यांनी आंब्याचा रस खाल्ला, हरिबानं बबनरावांना पान दिलं, आणि गावात किती वर्षांनी एवढी गोडी झाली म्हणून सगळे समाधानानं घरी गेले.

आणि दुसऱ्या दिवसापासून दोणीत कोणी थेंबही घातला नाही.

घालणार कशाला? भांडण मिटलं होतं. बबनराव गुलछडीत गुंतले, हरिबा परत खाटेवर. 'भोकरवाडी भरते' म्हणजे शेजारचा भरत असेल, असा प्रत्येकानं सोयीचा अर्थ लावला. वैशाखाचं ऊन आणि सवय लागलेली जनावरं, दोघांनी मिळून पाणी संपवलं. अनसाबाईच्या हे ध्यानात यायला उशीर झाला, कारण तीही समाधानात होती. समाधानात माणसाचा हिशेब चुकतो.

दोन आठवड्यांनी धनश्रीचा फोन आला. "आये, सासवड सोडलं. ह्यांना म्हनलं, आईनं सांगितलंय म्हंजी पानी हाय. उद्या दुपारपतुर येतो."

अनसाबाई तशीच फाट्यावर गेली. दोणीच्या तळाला हिरवट बुळबुळ वाळून पापुद्रे धरलेली. तिचा बोळा तेवढा इमानानं जागेवर होता.

मळ्याकडं चालताना तिनं नवी गोष्ट रचायला घेतली. हरिबा म्हणतो, बबनरावांच्यानं आखितीपुरतंच निभलं, असं सांगावं. किंवा पुढच्या गावाचा सरपंच दोण बघून हसून गेला, असं. दोन्ही गोष्टी चालण्यासारख्या होत्या. पण बांधावर पोचेपर्यंत तिला धाप लागली, आणि डोळ्यांपुढं सारखी येत होती ती आईच्या शब्दावर शिंदवण्याची वाट सोडून निघालेली लेक.

बबनरावांनी तिला लांबूनच बघितलं. "या वहिनी. आज काय आनलंय? हरिबा काय म्हनतोय माझ्याबद्दल?"

ती बांधावरच थांबली.

"आखितीच्या आधी तुमी मला नाचिवलं. मला तिसऱ्याच दिवशी कळलं व्हतं."

"मग भरत कशाला राह्यलात?"

"हरिबाला हरवायला मजा येत व्हती की." बबनराव हसले. "बसा. घाम पुसा आधी."

ती बसली नाही. "भावजी, लेक येतीय उद्या. कळप घिऊन. मी तिला सांगून बसलीय की दोण भरलीय. उद्या कोरडी दिसली तर जावई परत ह्या वाटंला यायचा न्हाई, आन् ह्या वाटंला आला न्हाई तर माझी लेक मला दिसायची न्हाई. मला पानी पायजेल. दुसरं काई न्हाई बोलायचं."

बबनरावांनी हातातला विळा खाली ठेवला.

"मागल्या साली हरिबा हितं बांधावर आला. आल्याआल्या माझ्या बापाचा उद्धार केला, मग माझा. मेंढरं तळ्यावर घालतो म्हनला, बघू कोन आडिवतंय. पानी मागितलंच न्हाई त्यानं. खुरांनी कागद फाटतो हे खरं हाय, वहिनी, लाखभराचा कागद हाय त्यो. पर टाकी भरून दोणीत वतायला कुठं कागद फाटतोय?"

"मग तवा न्हाई सुचलं?"

"सुचलं. पर तवर राग आला व्हता."

अनसाबाईनं मनातल्या मनात मागच्या सालची नोंद काढली. वर्षभर ती सगळी बबनरावांच्या नावे पडली होती. निम्मी आता तिला स्वतःच्या घरात वळती करावी लागली.

"किती टाक्या लागतील?" बबनरावांनी विचारलं.

"दोन तरी. आन् संध्याकाळी परत एक."

"दत्ताला सांगतो. पर माझं बी एक काम हाय." त्यांनी मळ्याच्या वरच्या अंगाला हात केला. "ती गुलछडी जुनी झाली, मोडली परवा. रान पार दगड झालंय, पोत्यावर पोती खत घातलं तरी उठत न्हाई. आमच्या म्हाताऱ्याच्या टायमाला तुमच्या लोकांचे कळप बसायचे हितं. एक रात मेंढरं बसवा माझ्या रानात."

अनसाबाईच्या आतल्या हिशेबनिसानं एकदम डोकं वर काढलं. घाम पुसून ती आता सावकाश बसली.

"एका रातीनं काय हुतंय, भावजी? दीडशे मेंढरं एवढ्या रानावर एका रातीत कुठं पुरी फिरत्यात? खताचा उतारा पायजेल तर दोन राती तरी बसायला पायजेत."

"दोन?"

"दोन. आन् रीतीपरमानं बिऱ्हाडाचा शिधा रानवाल्याकडं. बाजरी, डाळ, मीठ-मिरची."

"मेंढरं माझ्या रानात लेंड्या टाकनार, आन् त्यासाठी मीच जेवू घालायचं?"

"म्हाताऱ्याच्या टायमाला घालत व्हता. इचारा घरात."

बबनरावांनी खूप वेळ विचार केल्यासारखं दाखवलं. "बरं, दोन राती," ते म्हणाले, आणि सौदा आपल्याच फायद्याचा झाला अशा समाधानानं त्यांनी विळा उचलला. अनसाबाईनं त्यांना तसंच वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा यवतच्या बाजूनं धूळ दिसली. मग घोडी, घोडीवर बांधलेलं बिऱ्हाड, गाठोड्याच्या वर बसलेली कोंबडी, तिच्यामागं अख्खा रस्ता व्यापून काळी-करडी लाट. कळपाला पाण्याचा वास आला आणि हनुमंताच्या हाळ्यांना न जुमानता सगळी लाट दोणीवर फुटली. दोन्ही काठांना तोंडं लागली. आवाज असा, की शंभर माणसं एकदम बशीतून चहा पीत असावीत. मोठ्या मेंढ्यांची पहिली फळी मागं होईतो निम्मं पाणी खाली गेलं होतं, आणि कोकरांची तोंडं काही तिथवर पोचेनात.

तेवढ्यात दत्ताचा ट्रॅक्टर दुसरी टाकी घेऊन आला. मडगार्डवर बबनराव बसलेले. वस्तीकडून हरिबा धावत येत होता. बबनराव दिसताच त्याची छाती फुगली, तोंड उघडलं.

"पायप धरा," अनसाबाई म्हणाली. "तोंड मागनं उघडा."

हरिबानं पाइप धरला. बबनरावांनी कॉक सोडला. पाणी वर चढत गेलं, आणि हरिबा एका हातात पाइप धरून दुसऱ्या हातानं एकेक कोकरू उचलून काठावर धरू लागला. चार कोकरं झाल्यावर बबनरावही खाली उतरले. फुलं धरण्यातच हयात गेलेली. त्यांनी पहिलं कोकरू गुलछडीच्या जुडीसारखं आडवं धरलं.

"आवं मान खाली करा त्याची! नाकात जातंय पानी!" हरिबा ओरडला.

"मला नका शिकवू."

"मग काय त्याला पाळण्यात घालताय?"

हनुमंत काठीवर हनुवटी टेकून हे सगळं बघत होता. मग त्यानं ट्रॅक्टरच्या चाकांच्या ओल्या खुणांकडं बघितलं, दोणीकडं बघितलं, आणि सासूकडं. तो मुळात कमी बोलणारा. "मामी," तो म्हणाला, "ही वाट बरी हाय."

शितल तेवढ्यात ग्रामपंचायतीच्या शिपायाला घेऊन फाट्यावर आली होती. कोणाच्या घरानं कोणत्या वारी दोण भरायची याची पाळी लावून टाकायची, असं तिनं उभ्याउभ्याच जाहीर केलं. दगडावर तसं लिहिलं जाणार आहे, आणि उद्या रस्त्यानं जाणाऱ्यानं दगड वाचून आत बघितलं तर गावाची शोभा व्हायला नको, असं तिचं म्हणणं. सोमवार कोणाचा यावरून पाइप धरल्या-धरल्याच दोघांचं जुंपलं. अनसाबाईला बरं वाटलं. भांडण पूर्ण मिटू देऊ नये, एवढं ती आता शिकली होती.

कळप सावकाश बबनरावांच्या वरच्या रानाकडं वळला. हनुमंत मेंढरांभोवती लावायची जाळी सोडू लागला. धनश्री मात्र तिथंच दोणीच्या काठाला बसली होती, पाय पाण्यानं ओल्या झालेल्या मातीत रुतवून. सहा महिन्यांच्या चालीनं तिचा रंग रापला होता आणि केसांच्या जटा झाल्या होत्या.

"आये, खरं सांग. मी फोन केला तवा दोण भरलेली व्हती?"

"आता हाय का न्हाई?"

"हाय."

"मग झालं."

धनश्री हसली. "ह्यांनी दोन रातींचं म्हनलं मगाशी. बबनमामांनी बसवून घेतलंय म्हनं रानात. दोन कशाला घेतल्या असतील त्यांनी?"

"रान लई कडक झालंय त्यांचं," अनसाबाई गंभीरपणानं म्हणाली.

लेक उठली, आईच्या खांद्यावर हात टाकून वस्तीकडं चालायला लागली. थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "आज मला न्हाऊ घालशील? डोक्यावरनं. भोर सोडल्यापास्नं केसांना पानी न्हाई."

अनसाबाईनं पावलं उचलली. आधी चूल पेटवायला हवी होती, मोठं पातेलं माळ्यावरून काढायला हवं होतं, आणि शिकेकाई घरात होती की शेजारणीनं नेली होती ती अजून परत आली नव्हती, हे आठवायला हवं होतं.